चोर कुठून शिरला

हॅकरांनी हॉस्पिटलच्या सगळ्या फाइली कुलूपबंद केल्या आणि संचालकांनी गुन्हेगार ठरवून टाकला: नोंदणी काउंटरवरच्या काकू. “त्यांनीच भलती मेल उघडली. त्यांचा कॉम्प्युटर तपासणारं टूल लावा, तेवढं पुरे,” ते बाहेरून बोलावलेल्या तपासनीस मुलीला म्हणाले. कामावरून काढलेल्या काकू दाराबाहेर रडत होत्या. मुलीचं डोकं तापलं. “चोर कुठून शिरला हे त्या टूलला कळणार नाही. सर्व्हरची मेमरी वाचणारं टूल हवं.” “वेळ नाही. सर्व्हर रीस्टार्ट करा.” “रीस्टार्ट केलात तर मेमरीतला पुरावा पुसला जाईल. हात लावू नका.” तिने ते टूल असलेला आपला पेनड्राइव्ह सर्व्हरला जोडला. तासाभरात उत्तर पडद्यावर आलं: चोर संचालकांच्याच लॅपटॉपवरून आत आला होता. संचालक हळूच म्हणाले, “हे आपल्यातच राहू द्या.” तिने दार सताड उघडलं. “काकू, आत या. साहेबांना तुमची माफी मागायचीय.”