चाकाला दोन मार्क

कुसगावच्या एका हॉटेलबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या चाकांवरून मी रविवारच्या वर्गात पाचवीच्या मुलांना वर्तुळ आणि कोन शिकवत होतो. सगळ्यात देखणं चाक कुठलं, हेही मुलं दहापैकी मार्क देऊन ठरवत होती. एका पांढऱ्या गाडीच्या चाकाला प्रतीक्षाने दोनच दिले.

"इतके कमी का गं?" गाडीशेजारच्या गृहस्थांनी विचारलं.

"काका, मोडक्या पापडावानी दिसतंय. लय वंगाळ."

त्यांचा चेहरा उतरला. "अगं, कंपनीत या चाकाचं डिझाइन मीच केलंय. दोन वर्षं खपलोय त्यासाठी."

मी ओशाळून माफी मागणार, तोच प्रतीक्षाने आपला खोडरबर त्यांच्या हातावर ठेवला.

 

"रडू नका, काका. रविवारी परत काढून आणा. मी मार्क वाढवते."