हेमेंद्रचं पान

"चारच काऊन, आजी? पाच मांड ना." गुंजननं पाचवी पत्रावळ पुढं केली.

दुर्गेश्वरीबाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. सासरा, सासू, नवरा, दीर. झाले चार. सर्वपित्रीची दुपार होती, वडे तळून झाले होते, आणि या चुलीपुढं दरसाल होणारा वाद वेळेवर सुरू झाला होता.

पाचवं पान गुंजनच्या बापाचं. हेमेंद्र सालेकशाच्या जंगलात नक्षल्यांच्या तुकडीचा, दलमचा, कमांडर होता. एकोणीस वर्षांपूर्वी सरकारनं त्याला निरोप धाडला, बंदुका ठेवा, गावच्या शाळेत या, बसून बोलू. निरोप पोचवायला सेवकराम गुरुजी निघाले. हेमेंद्रनं त्यांच्याच हातची छडी खाल्लेली, दुसरं कोण जाणार? गुरुजी संध्याकाळी परतले आणि चावडीवर म्हणाले, "नाही म्हणतो." आठव्या दिवशी चकमक झाली. हेमेंद्र गेला. त्याच्या नादानं जंगलात गेलेली गावातली तीन पोरंही गेली.

तेव्हापासून म्हातारीनं लेकाचं पान मांडलं नाही. गावाला ते पटलं. तीन घरं उजाड करणाऱ्याला जेवू घालायचं तरी कसं? बाई मोठ्या काळजाची, असं लोक म्हणत. पितृपक्षाचे पंधरा दिवस ती जंगलाकडचं मागचं दारसुद्धा उघडू द्यायची नाही.

गुंजनचा जीव मात्र तुटायचा. बाप तिच्या स्वप्नात यायचा. त्याच बंद दाराबाहेर उपाशी उभा राहायचा. तिनं हे आजीला सांगितलं की आजी पांढरीफटक पडायची आणि उठून कडी पुन्हा तपासायची.

गुरुजी जेवायला आले. ऐंशी पार केलेले, तरी सर्वपित्रीला या घरी न चुकता यायचे. पहिला घास घेण्याआधी दुर्गेश्वरीबाईंनी दरसालचाच प्रश्न विचारला.

"गुरुजी, तो कसाच मानला नसता ना?"

"कसाच नाही, बाई. लय जिद्दी होता. कोनाचंच ऐकला नसता."

हे ऐकल्यावरच म्हातारीच्या घशाखाली घास उतरायचा. यंदा मात्र तिनं घास उचलला आणि दारात जागेश्वर उभा राहिला.

जागेश्वर म्हणजे हेमेंद्रच्या सोबत सावलीसारखा राहणारा माणूस. याच वर्षी सरेंडर झालेला. गुंजननंच त्याला कोणाला न सांगता बोलावलं होतं.

"काका, आता आजीसमोर सांग. बाबा काऊन नाही म्हणाले?"

जागेश्वर उंबऱ्याशी उकिडवा बसला. "नाही कुठं म्हनला? गुरुजी येऊन राहिले हे आमाले आधीच समजलं होतं. तीन दिवस नाल्याजवर बसून होतो. बंदुका पार बांधून ठेवल्या होत्या. कमांडर म्हने, गुरुजी आले का मी चाललो. थकलो म्हने आता. पोरीले पाहाचं हाय." त्यानं गुरुजींकडं पाहिलं. "गुरुजी आलेच नाही."

घ्या! गुंजन गर्रकन वळली. "तुमी तं भेटले होते ना त्यायले?"

गुरुजींनी हात पानावरून मागं घेतला. एकदा दुर्गेश्वरीबाईंकडं पाहिलं, मग खाली.

"नाही भेटलो. भेव वाटला मले. अर्ध्या वाटेतून फिरलो."

"आन् येऊन खोटं सांगतलं?"

"हो."

"एकोनीस साल!" गुंजनचा आवाज फाटला. "माया बापाले मारून एकोनीस साल इथंच बसून वडे खाऊन राहिले तुमी? लाज नाही वाटली? उठा. उठा म्हनलं ना!"

तिनं त्यांच्यापुढचं पान ओढून घेतलं. गुरुजी भिंतीला धरून उठले. उष्ट्या हातानंच अंगणात उतरून चपला शोधू लागले. एका शब्दानं त्यांनी स्वतःची बाजू घेतली नाही.

गुंजननं रडत रडत पाचवं पान मांडलं. भात वाढला, वडा ठेवला.

"आजी, बाबा मानले होते गं. आता तं मांडू देशील?"

दुर्गेश्वरीबाईंनी पानाकडं पाहिलंच नाही. हातातला घास ताटात पडला होता.

"म्हंजे आला असता तो," ती पुटपुटली.

"आला असता, आजी! चालत आला असता!"

म्हातारी सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत गेली.

"गुरुजी, वापस या," ती म्हणाली. "बस झालं आता, मायं पाप तुमी काऊन घेता? पोरी, त्यायले काही बोलू नको. ते तं निघाले होते. त्यायच्या मागं मागं जाऊन पोलीस माया लेकाले गोळी घालतीन, या भेवानं जंगलाच्या तोंडावर त्यायचे पाय धरले, वापस फिरवलं, आन् गावात जाऊन नाही म्हनला सांगा, असं मीच सांगतलं."