फलालीनची बोटं

नवरा गेला तशी निल्झाची झोप उडाली. त्यानंच लावलेल्या पॅशनफ्रूटच्या वेलाच्या पानांचा काढा पिऊन तिला डुलकी लागायची, पण वेल नुसताच फुलायचा, फळ धरत नव्हता. "एकट्या वेलाला फळ धरत नाही, दोना निल्झा," म्हणत कुंपणापलीकडचा ओलावो रोज दुपारी बोटांवर फलालीनच्या टोप्या चढवून यायचा, आपल्या वेलाचे पराग तिच्या फुलांना लावायचा आणि कॉफी पिऊन जायचा. आज त्यानं टोप्या तिच्या हातावर ठेवल्या. "भुंग्यांचं काम आता तुम्हीच करा. सोपं आहे." निल्झानं घाईघाईनं टोप्यांसकट हात पुढे केले. "मला कुठलं जमतंय? हात बघा, कसे थरथरतात!" "म्हणजे उद्याही मलाच राबवणार!" तो कुरकुरला, पण शीळ वाजवत गेला. एका टोपीची शिवण उसवली होती. निल्झानं सुई घेतली आणि चष्मा न लावता पहिल्याच झटक्यात दोरा ओवला.