वीतभर आखूड

सुताराने फळीवर पेन्सिलीची रेघ मारली ती बरोबर वीतभर अलीकडे. चुकून नव्हे. पेन्सिल कानावर खोचून त्याने करवत उचलली आणि रेघेवर धरली.

पेटी थोरल्या भावाची होती. थोरला आज पहाटे गेला. दफन चार वाजता. वहिनीने शेजाऱ्याकरवी निरोप धाडला होता, "पेटी भावजींनीच करावी." सुताराने दुसऱ्याच क्षणी होकार दिला. असली संधी काय रोज चालून येते?

दहा वर्षांपूर्वी चर्चमधला प्रभुभोजनाचा पेला नाहीसा झाला होता. आदल्या दिवशी तिथलं कपाट दुरुस्त करायला कोण गेलं होतं? सुतार. चर्चचा कारभार तेव्हा थोरल्याच्या हाती. "सख्खा भाऊ म्हणून सोडणार नाही," असं म्हणत त्याने भर उपासनेत धाकट्याला गुडघ्यांवर बसवलं, मंडळीसमोर पश्चात्ताप करायला लावला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. आठ दिवसांनी पेला निघाला थोरल्याच्याच स्वयंपाकघरात. घासायला म्हणून त्यानेच घरी नेला होता आणि विसरला होता. मग हा गृहस्थ काय म्हणाला? "सापडला ना? झालं तर मग."

तेव्हापासून सुतार चर्चला जाई, मागच्या बाकावर बसे, पण गुडघे टेकत नसे. सगळे खाली वाकले की हा आपला खांबासारखा ताठ. गेल्या महिन्यात थोरल्याचा दोनदा निरोप आला, "एकदा येऊन जा." दोन्ही वेळा सुताराने हातातला रंधासुद्धा थांबवला नाही.

दुपारपर्यंत पेटी उभी राहिली. लांबी वीतभर कमी, पण बाजूच्या फळ्या चार बोटं जास्त उंच, कारण मुडपलेल्या गुडघ्यांवर झाकण बसायला हवं. सूड घ्यायचा म्हणून काम कच्चं ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. दोघा भावांची उंची एकच, लहानपणी एकाचा सदरा दुसऱ्याच्या अंगात जायचा. म्हणून खात्री करायला तो स्वतःच पेटीत आडवा झाला. गुडघे वर घेतल्याशिवाय काही मावेना.

"अस्सं," तो म्हणाला.

बायको चहा घेऊन आली ती दारातच थिजली. "अहो, हे काय अभद्र? उठा आधी." तो उठला तेव्हा तिने पेटी न्याहाळली. "आखूड झालीय ना हो? माप चुकलं का?"

"माझं माप कधी चुकलंय? मला सगळ्यांदेखत वाकवलं त्याने. आता चौघं त्याचे पाय कोंबतील, आणि सगळी मंडळी बघेल."

"मेलेल्या माणसाशी कसलं वैर?"

"जिवंतपणी कुठे सापडला तो?"

"बोलावत तर होते," बायको म्हणाली. सुताराने खिळा धरला आणि गरजेपेक्षा जास्त जोराने ठोकला.

थोरल्याच्या घरी पुढची खोली माणसांनी भरली होती. पाळकसाहेब पुस्तक उघडून उभे होते. लाकूडच कमी पडलं, हे उत्तर सुताराने वाटेत घोटून ठेवलं होतं. पण वहिनी दारातच आडवी आली.

"भावजी, एक अडचण झालीय. यांचे पाय सरळ होत नाहीत."

"म्हणजे?"

"पलंगाशी गुडघ्यांवर होते. पहाटे मला जाग आली, वाटलं रोजचंच चाललंय, म्हणून हाक मारली नाही. उजाडल्यावर हात लावला तर गार. चौघांनी जोर लावला, पाठ सरळ झाली, पण गुडघे सुटेनात. पेटीत कसे मावायचे हो आता?"

थोरल्याला उचलून पेटीत ठेवलं. डोकं टेकलं, पावलं टेकली, गुडघे फळ्यांच्या काठाशी येऊन थांबले. कुणालाच काही कोंबावं लागलं नाही.

"अगदी मापात," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "तुला आधीच कुणी सांगितलं होतं वाटतं."

सुताराच्या कानशिलांत आग पेटली. दहा वर्षं मनात धरलेला डूख, सकाळपासूनची मेहनत, सगळं पाण्यात. मेल्यावरसुद्धा थोरल्यानेच बाजी मारली होती. आपण वाकवायच्या आधीच हा वाकून बसलेला. त्याने दात आवळून वहिनीला विचारलं, "कसली प्रार्थना करत होता एवढी?"

"प्रार्थना कसली, तुमची माफी मागायची तयारी. तुमच्याकडे येऊन गुडघे टेकायचे होते त्यांना. चालवत नव्हतं, आणि तुम्ही येईनात. मग म्हणायचे, सवय तरी करून ठेवतो. देवापुढे जमतं गं, म्हणायचे, माणसापुढे कधी टेकले नाहीत." वहिनीने पदराने नाक पुसलं. "महिनाभर रोज पहाटे हेच चालायचं."

पाळकसाहेबांनी हात वर केला. सगळी मंडळी गुडघ्यांवर गेली, वहिनीही पेटीला टेकून खाली बसली. उभा राहिला तो एकटा सुतार, झाकणाचे स्क्रू मुठीत घेऊन. स्क्रू तळहाताला टोचत होते. त्याला काहीतरी सांगायचं होतं, आत्ताच, झाकण बसायच्या आत, आणि वहिनीच्या कानाशी बोलायचं तर खाली जाणं भाग होतं. त्याचे गुडघे आधी दुखले, मग जमिनीला लागले.

"वहिनी," तो पुटपुटला, "पेटी मी मुद्दाम आखूड केली."

वहिनीने डोळे उघडले नाहीत.

"ठाऊक आहे, भावजी. तुमचं माप कधी चुकत नाही."