सहीखालची ओळ

माजी सैनिकांच्या कार्यालयात खिडकीतल्या बाई अर्ज बघून म्हणाल्या, “हवालदार, अक्षर बदललं?”

“बायको लिहायची. ऑगस्टमध्ये गेली.”

त्यांनी माझी जाड फाईल काढली. युद्धातली माझी दोन पदकं नोंदीत चढलीच नव्हती, म्हणून मिळाली नव्हती. दुरुस्तीसाठी हिने नऊ वर्षं अर्ज लिहिले. मी न वाचता सही करायचो.

“त्यांचा शेवटचा अर्ज बघा,” म्हणत बाईंनी कागद पुढे सरकवला.

माझ्या सहीखाली हिने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘साहेब, दर सव्वीस जानेवारीला हे कोट घालतात, आरशात बघतात आणि काढून ठेवतात. झेंडावंदनाला जात नाहीत. मी विचारत नाही.’

मी माझा अर्ज परत घेतला.

“हिचाच पुढे पाठवा, बाई.”