जोड्या पूर्ण

या, असे जवळ या, बाबांनो. तिकडे दाराशी कशाला बसता? छोटीशीच गोष्ट सांगतो. मन मात्र इकडे असू द्या.

भोंगा वाजला तेव्हा अण्णा टेबलाशीच बसून होते. पुलांचे नकाशे तपासण्यात जन्म गेलेला. कचेरीतले सगळ्यांत जुने अभियंता तेच. आग लागली नव्हती, नुसता सराव होता. सूचना आधीच लागलेली. तरी खुर्च्या सरकल्या, कुणी डबा अर्धा टाकून उठलं, कुणी "चला रे, तेवढीच हवा खाऊ" म्हणालं, आणि मजला रिकामा झाला.

अण्णा उठले नाहीत. सकाळी निघतानाच त्यांनी बायकोला सांगितलं होतं, "आज मी खाली उतरणार नाही. कुणी एकानं जरी वर येऊन हाक मारली, तर नोकरीत राहीन. नाही तर पुरे झालं."

"अहो, लहान मुलासारखं काय करताय?" ती म्हणाली होती. "येतील की. माणसंच ना ती?"

उतरायचं ते जोडीनं आणि हजेरी द्यायची ती जोडीदाराची, हा नियम अण्णांनीच घालून दिला होता. घाबरलेला माणूस स्वतःला विसरतो, सोबत्याला विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जोडीला हिशेबनीस बाई होत्या. त्या निवृत्त झाल्या, आणि अण्णांना नवी जोडी द्यायचं राहूनच गेलं.

खिडकी उघडी होती. रस्त्यापलीकडे सगळे गोळा झालेले. साहेब, जो अण्णांच्याच हाताखाली शिकला, हात उंचावून ओरडला, "जोड्या पूर्ण?"

"माझा आहे!"

"माझी आहे!"

"हा काय माझा, भिंतीला टेकून झोपलाय!"

हशा पिकला.

"कुणाचा जोडीदार दिसत नाही, असं आहे का?"

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. खाली कुणी बोललं नाही.

"शाब्बास! एकही माणूस आत राहिलेला नाही."

टाळ्या वाजल्या. अण्णांनी तरीही जिन्याकडे कान लावला. थोड्या वेळानं पावलं वाजली, आणि ते दाराकडे वळून बसले. पण ती एकाची पावलं नव्हती. सगळेच कामावर परतत होते.

शेजारच्या टेबलावरची मुलगी धापा टाकत आली. "अय्या, अण्णा, आमच्याही आधी वर? लिफ्टनं आलात वाटतं!" ती पाण्याची बाटली उघडत म्हणाली, "मस्त झालं, नाही? जोडीनं हजेरी देतो ना आम्ही, त्यामुळे कुणी सुटतच नाही. तुमच्या वेळी असलं काही नसेल."

अण्णांनी चष्मा काढून पुसला.

"नव्हतं, बाळ."

संध्याकाळी दार उघडता उघडताच बायकोनं विचारलं, "आलं ना कुणी?"

"आले की," अण्णा चपला काढत म्हणाले. "सगळेच आले. उद्या मला लवकर उठवू नकोस."

तर बाबांनो, रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपापल्या माणसांची नावं घेऊन झाली की लगेच उठू नका. या एका माणसाचीही आठवण ठेवा.