बोलती बंद

"बाबा, बेल्ट लावला नाही की ही गाडी नुसती कोकलत बसते. बाळाची झोपमोड होते हो," लेक कुरकुरली.

"एवढंच ना? आत्ता तिची बोलती बंद करतो." गॅरेजवाल्या बाबांनी पुढच्या दोन्ही सीटच्या खाचांत नुसत्याच क्लिपा खोचल्या. बेल्ट बाजूला लोंबत राहिले. जावईबापू खूश झाले.

चौथ्या दिवशी चौकात समोरून ट्रक आदळला. बाबा धावत पोचले, तेव्हा लेक-जावई काच फोडून रस्त्यावर पडले होते. लेकीचा चेहरा ओळखू येत नव्हता. रक्ताने माखलेल्या क्लिपा मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

मागे पट्ट्यांत घट्ट बांधलेलं बाळ तेवढं टाहो फोडत होतं.


त्याला गप्प करायला बाबांजवळ काहीच नव्हतं.